रामवाडी ते लोहगाव : मधले चार किलोमीटर कोणाचे?

प्रति,
अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक, पुणे महानगर परिवहन महामंडळ
व्यवस्थापकीय संचालक, महामेट्रो
विमानतळ संचालक, भारतीय विमानतळ प्राधिकरण, पुणे
आयुक्त, पुणे महानगरपालिका

विषय : पुणे विमानतळ आणि मेट्रो यांना जोडणाऱ्या बससेवेबाबत

सप्रेम नमस्कार,

एकाच पत्रावर चार पत्ते पाहून तुमच्यापैकी प्रत्येकाला पहिला विचार हाच येईल की, यातलं आपल्या अखत्यारीत काय येतं? मग पत्रावर 'पुढील कार्यवाहीसाठी अग्रेषित' असा शेरा पडेल आणि ते उरलेल्या तिघांकडे रवाना होईल. पाठवणाऱ्याचं काम संपेल. हे होऊ नये म्हणून पत्र उघडपणे लिहितो आहे. चौघांना काय सांगितलं ते लोकांनाही कळू द्या.

मार्च २०२४ आठवून पाहा. ६ तारखेला मेट्रो रूबी हॉलपासून पुढे रामवाडीपर्यंत सुरू झाली. १० तारखेला लोहगावच्या विमानतळाच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. दोन्ही उद्घाटनं पंतप्रधानांच्या हस्ते, दूरदृश्य प्रणालीनं, चार दिवसांच्या अंतरानं. शहराच्या एका टोकाचा वनाजचा माणूस पाऊण तासाच्या आत नगर रस्त्यावर रामवाडीला पोहोचू लागला, आणि तिथून चारएक किलोमीटरवर ४७५ कोटी रुपये खर्चून बांधलेली, वर्षाला ९० लाख प्रवासी सामावून घेणारी इमारत उभी राहिली. (ती प्रवाशांसाठी खुली व्हायला १४ जुलै उजाडला, तो विषय वेगळा.) एवढं सगळं एका आठवड्यात जुळून आलं, पण या दोन ठिकाणांच्या मधल्या चार किलोमीटरचं काय करायचं, हे त्या आठवड्यात कुणी ठरवलं नाही. त्यानंतरही नीट ठरलेलं दिसत नाही.

बस नाहीच, अशी माझी तक्रार नाही. पीएमपीच्या, म्हणजे परिवहन महामंडळाच्या, बस विमानतळाकडे जातात. मेट्रोला जोडणाऱ्या फीडर बसही सुरू केल्या गेल्या. त्याआधी 'अभि' नावाची खास वातानुकूलित विमानतळ सेवाही पीएमपीनं चालवून पाहिली. तरीसुद्धा विमान पकडायला निघालेल्या दहा पुणेकरांना 'कसे जाणार?' म्हणून विचारा. कॅब, रिक्षा, भाऊ सोडायला येतोय, मित्राची गाडी आहे, असंच ऐकू येईल. बसचं नाव निघालंच तर ते हसण्यावारी. हे हसू कुठून येतं, ते आधी समजून घेतलं पाहिजे. नाहीतर आणखी चार बस वाढतील आणि त्याही रिकाम्या फिरतील.

विमानाला निघालेला माणूस सरासरीचा हिशोब करत नाही. बस साधारण वीस मिनिटांनी येते, हे वाक्य त्याच्या काही कामाचं नाही. एखाद्या दिवशी ती पन्नास मिनिटं आली नाही तर काय, एवढंच त्याच्या डोक्यात असतं. पाच हजारांचं तिकीट आणि लग्न, मुलाखत, इस्पितळ असं काहीतरी पलीकडे वाट बघत असताना तो शंभर रुपये वाचवायला जाणार नाही, आणि ते शहाणपणाचंच आहे. म्हणून या मार्गावर भाडं किती, बसमध्ये एसी आहे का, बसचा रंग कोणता, हे सगळं नंतरचं. बस दर दहा मिनिटांनी येते हे त्याला दिसलं पाहिजे. वेळापत्रक न बघता माणूस थांब्यावर जाऊन उभा राहू लागला की समजावं, सेवा सुरू झाली. तोपर्यंत जे चालतं ते फक्त फेऱ्यांचं रजिस्टर भरणं.

आता याला किती बस लागतात ते पाहू. रामवाडीहून विमाननगर, दत्तमंदिर चौक करत टर्मिनलपर्यंत गर्दीच्या वेळी पंचवीस मिनिटं धरू. येताना तेवढीच. दोन्ही टोकांना मिळून दहा मिनिटं थांबा. म्हणजे एका बसची पूर्ण फेरी एका तासाची. दर दहा मिनिटांना एक बस सोडायची तर सहा बस हव्यात. एखादी बंद पडेल म्हणून सातवी हाताशी ठेवा. पीएमपीच्या ताफ्यात दोन हजारांच्या आसपास गाड्या आहेत. त्यातल्या सात. त्याही मोठ्या नकोत. २०१९ मध्ये पीएमपीनं ज्या नऊ मीटरच्या इलेक्ट्रिक बस आणल्या तेवढ्या आकाराच्या चालतील, किंबहुना विमाननगरच्या गल्लीबोळांत त्याच बऱ्या. पुढच्या दोन रांगांतली आसनं काढून तिथं सामानाचं रॅक बसवा. बॅग मांडीवर घेऊन बसलेला प्रवासी दोघांची जागा अडवतो आणि उतरताना तिघांच्या पायांवरून जातो, हे कंडक्टरला विचारलंत तर तो जास्त रंगवून सांगेल.

इथे एका समजुतीबद्दल लिहायलाच हवं, कारण माझ्या मते आजवरचे प्रयोग तिनंच बुडवले. विमानतळाची बस म्हणजे बॅगवाल्यांची बस, ही ती समजूत. विमानानं जाणारा पैसेवाला, मग त्याच्यासाठी खास बस, खास भाडं, कमी थांबे, लांबचा मार्ग. असा माणूस कॅब सोडून बसमध्ये यायला सगळ्यात शेवटी तयार होतो, आणि आपण नेमकं त्याच्यापासून सुरुवात करतो. विमानतळावर रोज न चुकता जाणारा माणूस वेगळाच आहे. सफाई करणारे, बॅगा चढवणारे, काउंटरवर बसणारे, खाद्यपदार्थांच्या दुकानांत उभे राहणारे, सुरक्षेचे, पार्किंगचे. हे लोक तीन पाळ्यांत येतात, धानोरी, विश्रांतवाडी, वडगाव शेरी, चंदननगर अशा ठिकाणांहून येतात, आणि वर्षाचे बाराही महिने येतात. पर्यटक दिवाळीत वाढतो आणि जुलैत कमी होतो. झाडू मारणारी बाई जुलैतही पहाटेच्या पाळीला हजर असते. तिच्या पगारातून रोजची रिक्षा परवडत नाही. १ जून २०२५ च्या दरवाढीनंतरही पीएमपीचं पाच किलोमीटरपर्यंतचं भाडं १० रुपये आहे. या मार्गावर ते १० रुपयेच ठेवा. विमानतळ म्हणून वर पैसे लावू नका. त्या बाईनं आणि विमाननगरच्या विद्यार्थ्यांनी, आयटीवाल्यांनी बस भरली की बॅगवाला आपोआप तिच्यात चढेल, कारण तोवर ती दर दहा मिनिटांनी धावत असेल.

परतीचा किंवा दुसरा फाटा येरवड्याकडे काढता येईल. येरवडा मेट्रो स्थानक २१ ऑगस्ट २०२४ ला उघडलं. टर्मिनलहून ५०९ चौक, नागपूर चाळ, गोल्फ क्लब चौक करत येरवड्याला बस आणली तर पुणे स्टेशन, स्वारगेट, पिंपरीकडे जाणाऱ्याचा नगर रस्त्याचा वळसा वाचेल. नगर रस्त्याची आजची अवस्था आयुक्तसाहेबांना मी सांगायची गरज नाही. २०१६ मध्ये तिथं बीआरटी सुरू झाली. २०२३ मध्ये येरवडा ते विमाननगर या पट्ट्यातली ती उखडली गेली. ती चांगली होती की वाईट, यावर पुण्यात दोन तास भांडता येतं. पण बसची स्वतंत्र मार्गिका गेली, तिच्या जागी बसच्या वाट्याला काहीच आलं नाही, एवढं तरी मान्य करा. निदान रामवाडी आणि विमाननगर चौकातल्या सिग्नलवर बसला आधी सोडायची सोय करा. त्याला सिमेंट लागत नाही.

आता विमानतळ संचालकांकडे वळतो. साहेब, बस कितीही चांगली चालवली तरी ती कुठे उभी राहते यावर तिचं भवितव्य आहे, आणि ती जागा तुमच्या हातात आहे. नव्या टर्मिनलमधून बाहेर पडलेल्या माणसाला ॲपवरची टॅक्सी धरायला एरोमॉल या पार्किंगच्या इमारतीकडे जावं लागतं, हे सगळ्या पुण्याला पाठ झालं आहे. म्हातारी माणसं, लहान मुलं, दोन-दोन बॅगा घेऊन लोक तिकडे वळतात. मी या व्यवस्थेच्या विरोधात बोलत नाही. टर्मिनलसमोर सगळ्याच गाड्या उभ्या करता येत नाहीत, हे कळतं. पण मग टर्मिनलसमोरची ती मोलाची पन्नास-साठ फुटांची जागा सगळ्यात जास्त माणसं नेणाऱ्या वाहनाला द्यायला नको का? एका कॅबमध्ये एक कुटुंब बसतं. दोन-तीन कॅबच्या जागेत थांबलेली छोटी बस तीस माणसं घेऊन जाते. आगमनाच्या दारातून बाहेर पडल्यावर रस्ता न ओलांडता, पावसात न भिजता, पाच मिनिटांत बस दिसली पाहिजे. आत, सामानाच्या पट्ट्याजवळ, एक पडदा हवा. 'रामवाडी मेट्रो – ४ मिनिटांत', 'येरवडा मेट्रो – ९ मिनिटांत'. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. बॅगेची वाट बघत उभा असलेला माणूस दुसरं काही करत नसतो, तेवढ्यात तो मोबाइल काढून कॅब बुक करून टाकतो. त्या तीन मिनिटांत त्याला बस दिसायला हवी.

विमानतळाची धावपट्टी हवाई दलाची आहे, जागा तुटपुंजी आहे, प्रत्येक चौरस मीटरसाठी परवानग्या लागतात, हे पुणेकरांना ठाऊक आहे. तुम्ही त्यातून टर्मिनल उभारलंत, २०२४-२५ मध्ये प्रवाशांची संख्या एक कोटीच्या वर गेली. तेव्हा एका बसपुरती जागा काढणं तुम्हाला जमणार नाही, असं मला वाटत नाही. खर्चाचं म्हणाल तर, पीएमपीची तूट मुख्यतः पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका भरून काढतात. म्हणजे पर्वतीचा आणि भोसरीचा करदाता. विमानतळाच्या पार्किंगमधून जे उत्पन्न येतं त्याचा लहानसा वाटा या सात बससाठी ठेवला तर तो करदाता तक्रार करणार नाही, आणि पार्किंगवरचा ताणही कमीच होईल.

रात्रीचा प्रश्न वेगळा आहे आणि अधिक अवघड. जानेवारी २०२५ पासून मेट्रो रात्री ११ पर्यंत चालते. आधी १० ला बंद व्हायची, त्यामानानं बरं झालं. पण लोहगावची विमानं रात्रभर उतरतात. साडेबाराला उतरलेला सोलापूरचा विद्यार्थी, पावणेदोनला आलेली साताऱ्याची नर्स, यांना मेट्रो नाही आणि फीडरचा उपयोग नाही. पुणे विमानतळ केवळ पुणेकरांचा नाही. सातारा, सांगली, अहिल्यानगर, सोलापूर इथली माणसं इथे उतरतात आणि त्यांना पुढची एसटी धरायची असते, स्वारगेटहून किंवा शिवाजीनगरची म्हणून जी आता वाकडेवाडीहून सुटते तिथून. पीएमपीची रातराणी सेवा जुनी आहे आणि पुणेकरांच्या जिव्हाळ्याची आहे. तिची एक गाडी विमानतळाहून पुणे स्टेशन, स्वारगेट अशी रात्री ११ ते पहाटे ५ दर तासाला सोडा. एसटीच्या वेळा तिला जुळवा. त्या वेळी रस्ते मोकळे असतात, दोन गाड्यांत काम भागेल. रात्री एकट्या उतरणाऱ्या बाईला अनोळखी गाडीत बसण्यापेक्षा कंडक्टर असलेली, दिवे लावलेली, ठरल्या वेळेची बस मोठा आधार वाटते. या रातराणीच्या उत्पन्नाचा हिशोब मागू नका.

आता अपेक्षित आक्षेप.

पहिला : मेट्रो थेट विमानतळापर्यंत नेण्याचा विचार चालू आहे. जरूर न्या. पण रामवाडीच्या पुढे मंजूर झालेला मार्ग वाघोली-विठ्ठलवाडीकडे जातो. जून २०२५ मध्ये केंद्रानं त्याला मान्यता दिली. तो नगर रस्त्यानं सरळ पुढे निघून जातो, लोहगावकडे वळत नाही. थेट फाटा मंजूर झाला, निविदा निघाली, खांब उभे राहिले असं सगळं सुरळीत झालं तरी तोवर कित्येक वर्षं लोटतील. शिवाय महामेट्रोला हा अनुभव नवा नाही. नागपुरात वर्धा रस्त्यावर मेट्रोचं 'एअरपोर्ट' नावाचं स्थानक आहे. नाव वाचून जो उतरतो त्याला टर्मिनल समोर दिसत नाही, पुढचं अंतर काहीतरी करून गाठावंच लागतं. मुंबईनं तीन नंबरच्या भुयारी मार्गावर दोन्ही टर्मिनलांना स्थानकं दिली, पण त्या मार्गाला लागलेली वर्षं आणि पैसा मोजा, मग आपल्या सात बसकडे बघा.

दुसरा : पुरंदरचा विमानतळ येणार आहे. येईल तेव्हा येईल, त्याची चर्चा एक पिढी ऐकत आली आहे. बसला चाकं असतात. विमानतळ हलला तर तीही हलेल.

तिसरा, रिक्षाचालकांचा. हा आक्षेप मी मनापासून ऐकतो. सप्टेंबर २०२२ च्या दरपत्रकानुसार पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे दर किलोमीटरला १७ रुपये. म्हणजे रामवाडी ते टर्मिनल ७० रुपयांच्या आत व्हायला हवं. बॅग घेतलेल्या माणसाला तो आकडा ऐकायला मिळतो का, हे वेगळं सांगायला नको. पण चालकाची बाजूही आहे. विमानतळावर सोडून परत येताना रिकामं यावं लागलं तर त्याचं नुकसान होतं. रामवाडी स्थानकाखाली माणशी ठरावीक भाड्याची शेअर रिक्षा आणि टर्मिनलवर तिला परतीची रांग अशी दोन्हीकडची सोय झाली तर बस आणि रिक्षा एकमेकांच्या पोटावर येणार नाहीत. पहाटे चारला विमान असलेला माणूस रिक्षानंच जाणार आहे.

हे सगळं लिहूनही मला भीती एकाच गोष्टीची आहे आणि त्यासाठीच चार पत्ते. बस पीएमपीची, स्थानक महामेट्रोचं, टर्मिनलची जागा विमानतळ प्राधिकरणाची, रस्ता महापालिकेचा. बस अर्धा तास आली नाही तर प्रवाशानं जाब कुणाला विचारायचा? प्रत्येकजण आपापल्या हद्दीपर्यंतचं काम चोख केल्याचं दाखवू शकतो आणि तरीही प्रवासी मधल्या चार किलोमीटरवर अडकतो. चार जावांच्या घरात दूध उतू जातं, तशातली ही गत आहे.

केरळात यावर उत्तर शोधलं गेलं. कोची मेट्रोचं टोकाचं स्थानक आलुवा, आणि विमानतळ नेडुंबासेरीला, रामवाडी-लोहगावपेक्षा कितीतरी लांब. तिथं दुसऱ्या कुणाच्या फीडर बसची वाट बघत न बसता मेट्रो कंपनीनं स्वतःच इलेक्ट्रिक बस घेतल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये आलुवा ते विमानतळ सेवा सुरू केली, भाडं ८० रुपये. बस चुकली की लोक मेट्रोलाच विचारतात. बंगळुरूत उलटं आहे. शहराची बस कंपनी बीएमटीसी 'वायुवज्र' चालवते, विमानतळ शहरापासून तीसेक किलोमीटर लांब, तरी गाड्या रात्रंदिवस धावतात आणि मॅजेस्टिकच्या मध्यवर्ती बस स्थानकाला जाणारा प्रवासी डोळे मिटून त्यात बसतो. एका ठिकाणी मेट्रो, दुसरीकडे बस. कोण चालवतं याला महत्त्व नाही. दोन्हीकडे मालक एकच आहे.

पुण्यात समन्वयासाठी 'पुम्टा' म्हणजे एकीकृत महानगर परिवहन प्राधिकरण आहे. त्याच्या बैठका होतात. शहराचे खासदार मुरलीधर मोहोळ जून २०२४ पासून केंद्रात नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री आहेत, म्हणजे हवाई दलाशी किंवा प्राधिकरणाशी जागेबद्दल बोलायचं झालं तर दिल्लीत ओळख शोधायची गरज नाही. असा योग पुण्याच्या नशिबी वारंवार येत नाही. पुम्टाच्या पुढच्या बैठकीत एवढाच ठराव करा की, रामवाडी–विमानतळ–येरवडा ही सेवा अमुक एका अधिकाऱ्याची. नाव नको, पदनाम चालेल. बस पीएमपीची असो वा महामेट्रोची, तक्रारीचा क्रमांक एकच असो आणि तो बसवर, स्थानकावर, टर्मिनलच्या दारावर लिहिलेला असो. त्या अधिकाऱ्यानं दर महिन्याला किती फेऱ्या ठरल्या आणि किती झाल्या, हे जाहीर करावं. तिकीट एकच असावं, वनाजला 'एक पुणे' कार्ड टेकवलं की टर्मिनलला उतरेपर्यंत पुन्हा सुटे पैसे काढायला लागू नयेत.

शेवटचं, वेळेचं. विमान कंपन्यांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. कोणत्या तासाला किती विमानं उतरणार, हे विमानतळाच्या कार्यालयात आधीच माहीत असतं. तो तक्ता पीएमपीच्या वाहतूक विभागाकडे पाठवायला एक ई-मेल पुरते. येत्या हिवाळी वेळापत्रकासोबत, त्याच दिवशी, या बसचं वेळापत्रक जाहीर व्हावं, अशी मागणी मी करतो आहे. ते जमणार नसेल तर का जमणार नाही, आणि चौघांपैकी कुणामुळे, एवढं लेखी कळवावं.

कळावे,
आपला,
वनाजला मेट्रोत चढणारा एक पुणेकर